भंगारवाला घेत नाही ती वाडगी

दिवाळीच्या आधी घराघरांतले माळे रिकामे होतात. भंगारवाला दारात तराजू घेऊन बसतो आणि एकेक वस्तू बाजूला काढतो. लोखंड घेतो, पत्रा घेतो, रद्दी, प्लास्टिक, तांब्याची वायर घेतो, काचेच्या बाटल्यासुद्धा कुरकुरत घेतो. चिनी मातीचं वाडगं मात्र हातात धरून पुन्हा तुमच्याकडेच सरकवतो. ‘हे नको.’ घासाघीस करायचीही सोय नाही. त्याचं गणित बरोबर असतं. पत्रा वितळतो, काच वितळते, कागदाचा लगदा होतो. पण बाराशे अंशांवर भाजून निघालेल्या मातीची पुन्हा मऊ माती होत नाही. मग सेटमधलं एकटं उरलेलं सूपचं वाडगं, टवका उडालेली बशी, झाकण हरवलेली लोणच्याची बरणी, सगळं थेट उकिरड्यावर जातं. घरात ठेवायचं तरी कुठे? तडा गेलेल्या भांड्यात जेवू नये, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं.

बोन्साय करणाऱ्यांची नजर नेमकी या ढिगावर असते. या छंदात झाड स्वस्त आणि कुंडी महाग. वडाचं रोप गटाराच्या पाइपावर फुकट उगवतं, त्याला साजेशी उथळ कुंडी मात्र नर्सरीत विचारली की माणूस गप्प होतो. जपानहून आलेली असेल तर आकडा हजारांत जातो. पुण्यात २०१८ साली प्राजक्ता काळे यांनी तीन हजारांहून जास्त बोन्साय एकत्र मांडून गिनीजमध्ये नोंद केली. तसल्या प्रदर्शनात लोक झाडांकडे बघतात. मी आधी कुंड्यांकडे बघतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो. गॅलरीत चार झाडं ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेब परवडत नाही. त्याने जुनं वाडगं उचललं तर त्यात हलकेपणा काहीच नाही. चीनमध्ये ७०६ साली बांधलेल्या राजपुत्र झांगह्वाईच्या थडग्यात भिंतीवर एक सेविका रंगवलेली आहे. तिच्या हातातल्या उथळ पात्रात छोटी झाडं आहेत. झाडाला पात्र लागतं हे तेव्हापासून ठरलेलं. ते खास झाडासाठीच घडवलेलं असावं, हा आग्रह नंतरचा. जपानमध्ये ‘नानबान’ नावाच्या ओबडधोबड गोल कुंड्यांना आज मोठा मान आहे. दक्षिणेकडून जहाजांतून आलेल्या रांजणांची झाकणं आणि रोजच्या वापरातली भांडी भोकं पाडून झाडांना दिली गेली, तिथून हा प्रकार सुरू झाला असं तिथले जाणकार मानतात. म्हणजे ज्या कुंड्यांच्या नकला आता पैसे मोजून करून घेतात, त्यांचं मूळ रांजणाच्या झाकणात.

आपल्याकडे चिनी माती घराघरात पोचली ती बरणीतून. पिवळट पांढरं अंग आणि तपकिरी गळा असलेल्या बरण्या ज्या कारखान्यांतून आल्या त्यांत परशुराम पॉटरीचं नाव मोठं. सौराष्ट्रातल्या थानगढला हा उद्योग उभा केला तो परशुराम गणपुले या मराठी माणसाने, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ काढला आणि कुंभारांना चाकापलीकडची सिरॅमिकची विद्या शिकवायला घेतली. बाकी कपबश्या आणि वाडगी बहुतेक उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याची. हातगाडीवर पेंढ्यात रचून येणारी, बुडाला कधी शिक्का असलेली, कधी नसलेली. बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. चिनी मातीचा सौदा मात्र तिनेही फारसा मनावर घेतला नाही. फुटण्याची जोखीम कोण घेणार?

आता पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे वळतो. हे दोन तालुके मी मुद्दाम निवडले. बोन्सायच्या कुंडीची इतकी कठोर परीक्षा घेणारी जागा महाराष्ट्रात शोधून काढावी लागेल. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि होळी उलटली की मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. जे भांडं इथे जुलैत झाड कुजू देत नाही आणि एप्रिलमध्ये वाळू देत नाही, ते ठाण्या-पुण्याच्या गॅलरीत सहज चालेल.

दुसरं कारण सूर्यमाळचं. जव्हारहून त्र्यंबककडे जाणारा रस्ता मोखाड्यावरून जातो. तिथून खोडाळ्याच्या बाजूला वळून सूर्यमाळच्या पठारावर चढलं की काळ्या कातळाच्या फटीत वाढलेल्या वड-पिंपळाच्या भाऊबंदांची झाडं दिसतात. खोड मांडीएवढं, उंची कमरेएवढी. मुळांनी कातळाला मिठी मारलेली, पानं बारीक, वाऱ्याने एका अंगाला झुकलेली. चिमूटभर माती, पावसात पाण्याचा लोट, उन्हाळ्यात तापलेला दगड. आणि तरीही झाड जिवंत, कारण कातळावर पाणी थांबत नाही. बोन्सायवाले कात्री आणि तार घेऊन दहा-वीस वर्षं ज्याच्यामागे असतात ते इथे गुराख्याच्या पायाशी उभं असतं. जव्हारजवळच्या दाभोशाच्या धबधब्याच्या कड्यावरही हीच जात लटकताना दिसते.

ही झाडं उपटून आणायचा मोह होतो. तो आवरावा. या दोन्ही तालुक्यांत राखीव वनाचं क्षेत्र मोठं आहे आणि तिथून झाड उचलणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय कातळात रुतलेल्या जुन्या झाडाची मुळं शाबूत निघत नाहीत. झाड घरी येऊन महिन्याभरात मरतं. गावात मात्र नको असलेली झाडं भरपूर. जव्हार हे मुकणे राजघराण्याचं जुनं संस्थान, नगरपरिषदसुद्धा १९१८ सालची. जुन्या बांधकामांच्या गावात पिंपळ, उंबर आणि नांद्रुक भिंतीतून, छपराच्या पन्हळीतून, विहिरीच्या काठातून डोकी काढतात आणि घरमालक दर पावसाळ्यात कोयत्याने छाटतो. पुन्हा फुटतात. पाच-सात वर्षं असं छाटलेलं भिंतीतलं झाड म्हणजे अर्धं तयार झालेलं बोन्साय. मालकाला विचारून, भिंतीचा गिलावा खरवडून ते काढलं तर तो उलट चहा पाजतो.

तर झाड मिळालं. आता वाडगं कसं निवडायचं?

ते वरून खाली निमुळतं होत गेलेलं असावं, म्हणजे तोंड बुडापेक्षा रुंद. तोंडाशी आत वळलेलं गोलमटोल वाडगं दिसायला छान, पण दोन वर्षांनी मुळं बदलायची वेळ आली की झाड बाहेर येत नाही; मग एक तर मुळं कापा, नाहीतर वाडगं फोडा. बरणीच्या बाबतीत हीच अडचण, त्यामुळे बरणीचा गळा कटरने उतरवल्याशिवाय ती कामाची नाही, आणि तो उद्योग घरी करू नये. खोली साधारण झाडाच्या बुंध्याच्या जाडीएवढी असावी, असा बोन्सायवाल्यांचा ढोबळ नियम आहे. घरातली वाडगी या हिशेबाने जरा खोलच पडतात. नव्या, अजून तयार होत असलेल्या झाडाला ते चांगलंच. आतल्या ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा, बाऊ करू नये. खरी बोन्सायची कुंडी आतून कोरी ठेवतात, मुळांना धरायला खडबडीत अंग मिळावं म्हणून. पण नर्सरीत लाखो रोपं गुळगुळीत प्लास्टिकमध्ये मजेत वाढतात. फार वाटलं तर आतून पॉलिश पेपर फिरवा. जपानी पुस्तकांत कुंडी थंडीने तडकते म्हणून उच्च तापमानाला भाजलेलीच घ्या असं असतं. जव्हारला थंड हवेचं ठिकाण म्हणत असले तरी कुंडीतलं पाणी इथे गोठत नाही. तेव्हा कुंभाराचं मऊ भाजलेलं मातीचं पसरट भांडंही इथे चालून जातं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. गुलाबाची फुलं छापलेल्या वाडग्यात वड लावू नये. खुर्ज्याचा तपकिरी, शेवाळी, मातकट रंग वडा-पिंपळाला शोभतो. गडद निळा बोगनवेलीला. गुलाबाचं वाडगं आवडीचंच असेल तर त्यात ओव्याचं पान लावा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा.

भोक पाडणं हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा. खिळा आणि हातोडीने मातीच्या कुंडीला भोक पडतं. चिनी मातीच्या वाडग्याचे त्याने दोन तुकडे होतात. लागतो तो डायमंड होल सॉ, पोकळ नळीसारखा, टोकाला हिऱ्याची भुकटी बसवलेला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नाहीतर लादी बसवणाऱ्या मिस्त्रीकडे असतोच, नळाच्या पाइपासाठी टाइलला भोक पाडायला. असंच एक वाडगं एका मिस्त्रीसमोर ठेवलं तेव्हा त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, आमटी गळेल की यातून.’ ‘गळायलाच पाहिजे, मिस्त्री.’ त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने मशीन लावलं.

पण काम त्याने असं केलं की बघत राहावं. घमेल्यात ओली वाळू घेतली आणि वाडगं तिच्यात पालथं दाबलं, म्हणजे ते हलत नाही आणि आतून आधार मिळतो. बुडाला चिकटपट्टीची फुली मारली, बिट ग्लेझवरून घसरू नये म्हणून. मशीनचा हॅमर बंद, वेग अगदी कमी. बिट सरळ न टेकवता तिरकं धरलं, एकच कड लागेल असं. चंद्रकोरीएवढी खाच पडली तसं हळूहळू उभं केलं. त्याच्या हाताखालचा पोरगा बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडत होता. हे पाणी दोन कामांसाठी: बिट तापून हिरे गळू नयेत आणि भाजलेल्या मातीची सिलिकायुक्त धूळ छातीत जाऊ नये. वायरच्या मशीनवर पाणी सांडू द्यायचं नाही. बॅटरीवरचं ड्रिल असेल तर उत्तम. पांढरट राड वर येऊ लागली. आधी ग्लेझ कापतानाचा कर्कश आवाज, मग मातीचा जाडा आवाज, आणि शेवटी तो एकदम पोकळ झाला. तिथे मिस्त्रीने हाताचा जोर काढून घेतला आणि मशीनच्या वजनावरच उरलेलं कापू दिलं. घाई करणाऱ्यांचं वाडगं इथेच, शेवटच्या मिलिमीटरला, आतल्या बाजूने टवका उडवून बसतं. बटणाएवढी चकती वाळूत पडली.

वीतभर वाडग्याला १०-१२ मिलिमीटरचं एक मोठं भोक आणि बाजूला ३-४ मिलिमीटरची दोन बारीक. बारीक भोकांतून तार ओवून झाड कुंडीला बांधतात. मुळं धरेपर्यंत ते वाऱ्याने हललं तर नवी केसांसारखी मुळं तुटत राहतात. मोठ्या भोकावर मच्छरदाणीच्या जाळीपेक्षा जाड प्लास्टिकची जाळी, तारेनेच आवळलेली.

इथवर सगळे करतात. विसरतात ते बुडाखालचं कडं. वाडगं ज्या गोल कड्यावर बसतं ते कडं जमिनीला घट्ट टेकतं, आणि भोकातून आलेलं पाणी त्या कड्याच्या आत कोंडून राहतं. भोक असून नसल्यासारखं. म्हणून त्या कड्याला दोन-तीन ठिकाणी कानशीने किंवा ग्राइंडरने खाचा पाडाव्या लागतात. विकत घेतलेली बोन्सायची कुंडी उलटी करून पाहा. पायांच्या मधल्या फटी त्यासाठीच असतात. ज्यांची झाडं ‘का कोण जाणे’ पावसाळ्यात मरतात, त्यांनी आधी हे कडं तपासावं.

पावसाळ्याचा प्रश्न भोकाने पूर्ण सुटत नाही. माती बारीक असेल तर पाणी घालून निथळल्यावरही तळाचा काही बोटांचा थर चिंब राहतो. मातीच्या कणांमधलं केशाकर्षण ते पाणी खाली पडू देत नाही. या थराची जाडी मातीवर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. फूटभर खोल कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो, मुळांना वर भरपूर जागा असते. दोन इंच खोल वाडग्यात मात्र निम्मी मुळं त्यातच बुडतात. तळाला खापऱ्यांचे तुकडे घालायची आपली जुनी सवय इथे उलटी पडते: चिंब थर खापऱ्यांच्या वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची कोरडी माती आणखी कमी होते. त्यावर दोन उपाय. पहिला, झडीच्या दिवसांत वाडगं एका बाजूने उचलून खाली दगडाची चीप सारायची. तिरकं झालं की पाण्याचा स्तंभ एका कोपऱ्याकडे उंच होतो आणि जास्तीचं पाणी भोकातून निघून जातं. फुकटातला उपाय आहे, आणि जव्हारच्या जुलैत झाड वाचवणारा. दुसरा उपाय म्हणजे मातीच बदलणं.

बोन्सायची माती म्हणजे फारशी माती नसतेच. भारतात बहुतेकजण विटांचा चुरा, जाड वाळू, कुजलेला पाला आणि थोडी निंबोळी पेंड वापरतात. वीट चांगली भाजलेली हवी. कमी भाजलेली वीट एका पावसाळ्यात पुन्हा चिखल होते. ती फोडून दोन चाळण्यांतून काढायची, ज्वारी ते हरभऱ्याच्या आकाराचे दाणे ठेवायचे आणि धूळ फेकून द्यायची. विटेचा दाणा स्वतःत पाणी धरतो आणि दोन दाण्यांमधून हवा जाऊ देतो, म्हणून जुलै आणि एप्रिल दोन्हीला पुरतो.

हा विटेचा चुरा हातात घेतला की जव्हार-मोखाड्याचा माणूस वेगळंच काही आठवणार. दिवाळी झाली, भाताची कापणी उरकली की इथल्या पाड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आधी उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको, पोरं सगळी मिळून माती कालवतात, विटा थापतात, पाऊस तोंडावर आला की परततात. पोरांच्या शाळेचे ते महिने बुडतात. शहरातल्या गॅलरीतल्या बोन्सायखाली जो चुरा आहे तो कदाचित यांच्यातल्याच कुणाच्या हातच्या विटेचा. यावर बोन्सायवाल्याने काय करावं, हे मला सांगता येत नाही. पण वाडग्याची किंमत वाचली म्हणून ‘सगळं फुकटात झालं’ असं कुणी म्हटलं की मला तो चुरा दिसतो.

पाण्याचंही तसंच. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच, मुंबईची तहान भागवणारं. त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. तिथे एप्रिलमध्ये कुणी वाडग्यातल्या वडाला ताजं पाणी घालावं असं मी म्हणणार नाही. तांदूळ-नागली धुतलेलं पाणी चालतं. वाडगं ओल्या वाळूच्या परातीत बसवून सावलीला ठेवलं की दिवसातून एकदाच पाणी पुरतं. आणि उन्हाळ्यात ज्यांना तेवढंही जमत नसेल त्यांनी हा छंद करू नये. झाडाचे हाल करण्यात काही कला नाही.

हाल हा शब्द आलाच आहे तर: बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, घरात ठेवलं तर वास्तुदोष, हे आपल्याकडे नेहमीचं. वास्तूचं मला कळत नाही. छळाबद्दल एवढंच की आंब्याचं कलम करताना आपण झाडाचं मुंडकंच उडवतो आणि त्याला कुणी छळ म्हणत नाही. जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बाएफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून इथल्या वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली, नंतर मोगरा आला आणि त्याच्या कळ्या मुंबईच्या फुलबाजारात जाऊ लागल्या. डोळा कुठे आहे, छाट कुठे द्यायची, कुठला फुटवा ठेवायचा, हे ज्याच्या बोटांना माहीत आहे त्याला बोन्साय शिकायला वेळ लागणार नाही. करवंदाचं बी पावसाच्या तोंडावर टाकलं तर रोप सहज येतं, फांद्या आपोआप नागमोडी, पान छोटं, काटे राखणीला. वडाची अंगठ्याएवढी जाड फांदी पहिल्या पावसात खोचली की मुळं धरते. जंगलाला हात लावायची गरजच नाही.

म्हणून मग कुणीतरी विचारतं, यातून रोजगार का नाही? वाडगी फुकट, झाडं फुकट, वर वारली चित्र काढा, पर्यटकांना विका. ऐकायला गोड आहे. चित्राचं सांगतो: ग्लेझवर ॲक्रिलिकचा रंग बसत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आणि पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रकलेची पुढची पायरी म्हणजे सूप बाऊलवरचा तारपा, हे मला तरी पटत नाही. झाडाचं त्याहून अवघड. विकण्यासारखं बोन्साय व्हायला पाच-सात वर्षं लागतात आणि या काळात उन्हाळा चुकवता येत नाही. ज्या घराला दिवाळीनंतर भट्टीवर जायचं आहे, त्या घरातल्या वाडग्यातल्या झाडाला मार्चमध्ये पाणी कोण घालणार? मोगरा चार-सहा महिन्यांत पैसे देऊ लागतो, म्हणून तो टिकला. शिबिर घेऊन, प्रमाणपत्र वाटून बोन्साय टिकणार नाही. वर्षभर गावात राहणारे शिक्षक, दुकानदार, सरकारी नोकर यांनी हौसेने केलं तर होईल. शाळेच्या आवारात झालं तर आणखी चांगलं, पण मे महिन्याच्या सुट्टीत शिपाईमामांना त्यासाठी पटवावं लागेल.

हा अंक हातात पडेल तेव्हा माळा काढून झालेला असेल आणि वाडगी दाराबाहेर असतील. भोकं आताच पाडून ठेवावीत. मिस्त्री दिवाळीच्या दोन दिवस आधी भेटत नाहीत, नंतर भेटतात. झाड मात्र आता हलवू नये. वड-पिंपळाच्या जातीला माघ-फाल्गुनात, नवी पालवी सुटायच्या बेताला, किंवा मग मृगाच्या पावसात हलवलेलं सोसतं. पाणी हाताशी नसेल तर मृगच बरा. तोवर वाडग्यात नुसता विटेचा चुरा भरून तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी वर तुंबून राहिलं तर चुऱ्यात धूळ जास्त आहे, पुन्हा चाळा. खालून निघालं आणि कड्याच्या आत साचलं, तर कानस घ्या.